‘जवळपास सारखे’ला चिन्ह देण्याआधी

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आणि शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांवर हा माल निघतो, आणि तो बाहेर जाण्याआधी वजनकाट्यावर चढतो. ३० बाय ६० इंचाचा टॉवेल ४०० ग्रॅमचा ठरला, तर चौरस मीटरला साधारण ३४४ ग्रॅम, म्हणजे ३४४ जीएसएम. काट्यावर मात्र ४०० हा आकडा क्वचितच दिसतो. ३९४ येतो, ४०६ येतो. कापूस हवेतला ओलावा धरतो. व्यापारात सुती धाग्यासाठी ८.५ टक्के ओलावा मान्य धरतात, आणि तो दोन टक्क्यांनी घटला की ४०० ग्रॅमच्या टॉवेलमधून सात ग्रॅम निघून जातात. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार असताना मोजलेला टॉवेल आणि ऑगस्टमध्ये मोजलेला टॉवेल हे एकाच मागावरचे असूनही वेगळे भरतात.

अशा कारखान्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना एक गोष्ट लवकर कळते. काटा वाचणे, बिल छापणे, माल नोंदवणे ही कामे वर्षानुवर्षे तीच राहतात, पण ‘कोणता माल पास’ हा नियम दर ऑर्डरला बदलतो. त्यामुळे मूळ प्रोग्रॅम सी, सी++ किंवा रस्टमध्ये लिहून नियमांसाठी त्याच्या पोटात एक छोटी स्क्रिप्टिंग भाषा बसवणे शहाणपणाचे ठरते. लुआ याच गरजेतून जन्मली. १९९३ मध्ये रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठातील टेकग्राफ या गटात रोबेर्तो इएरूसालिम्स्की, लुइस एन्रिके द फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी ती घडवली. ब्राझीलच्या पेट्रोब्रास या तेल कंपनीच्या अभियंत्यांना आपापल्या माहितीचे नियम स्वतः लिहिता यावेत, हा तिच्यामागच्या कामाचा एक उगम होता.

मग कारखान्याच्या सुपरवायझरला वाटते, ‘वजन बरोबर आहे का’ हे नियमात सरळ एका चिन्हाने लिहिता आले तर किती बरे. मागणी रास्त आहे. ती पुरी करायच्या वाटाही आहेत. पण चिन्ह देण्याआधी ती तुलना नेमकी कोणत्या जातीची आहे ते ठरवावे लागते. पुढच्या बहुतेक अडचणी तिथेच पेरल्या जातात.

आधी लुआ काय देते ते पाहू. (खरा कोड रोमन अक्षरांतच लिहायचा. इथे छपाईच्या सोयीसाठी नावे देवनागरीत देतो.) टेबल किंवा युजरडेटाला मेटाटेबल जोडता येते आणि त्यात तुलनेसाठी तीन मेटामेथड लिहिता येतात: ‘बरोबर’साठी __ईक्यू, ‘लहान’साठी __एलटी आणि ‘लहान किंवा बरोबर’साठी __एलई. उरलेली तीन चिन्हे यांतूनच निघतात. अ > ब म्हणजे ब < अ, अ >= ब म्हणजे ब <= अ, आणि अ ~= ब म्हणजे ‘बरोबर’चा नकार. तुमची मेटामेथड काहीही परत करो, लुआ त्याचे खरे-खोटे करूनच पुढे देते. त्यामुळे तुलनेतून ‘किती ग्रॅमने कमी’ हा आकडा बाहेर काढता येत नाही.

मर्यादा नीट लक्षात ठेवायला हव्यात. दोन्ही बाजूंना साधे आकडे किंवा दोन्ही बाजूंना साध्या स्ट्रिंग असतील, तर लुआ तुमची मेटामेथड विचारतच नाही. स्ट्रिंगना मेटाटेबल असते, पण त्यात __एलटी लिहून दोन स्ट्रिंगांची तुलना बदलत नाही. __ईक्यू फक्त दोन टेबलांत किंवा दोन युजरडेटांत चालते. टेबल आणि आकडा यांच्यात == लिहिले की उत्तर थेट ‘खोटे’, तेही कसली तक्रार न करता. शिवाय टेबलात किल्ली शोधताना __ईक्यूला कोणी विचारत नाही. तुमच्या मते ‘बरोबर’ असलेल्या दोन वस्तू किल्ल्या म्हणून वेगळ्याच राहतात.

आवृत्तीप्रमाणे फरक आहेत, म्हणून हाती कोणती लुआ आहे ते आधी पाहा. ५.१ आणि ५.२ मध्ये __ईक्यू चालायला दोन्ही बाजूंची मेटामेथड एकच लागते. ५.३ पासून आधी डावीकडची, ती नसेल तर उजवीकडची घेतली जाते. __एलई लिहिलेली नसेल तर ५.३ पर्यंत लुआ ‘ब < अ नाही’ असे उलटून उत्तर काढायची. ५.४ मध्ये ही सोय काढून टाकली, जरी जुन्या आवृत्तीशी सुसंगतता ठेवून बनवलेल्या प्रतीत ती अजून सापडते. मला हा बदल पटतो. ५० बाय १०० आणि ६० बाय ९० या दोन चादरींत लांबी-रुंदी दोन्हींनी लहान कोणती? कोणतीच नाही. उलटून काढलेले उत्तर मात्र दोन्ही बाजूंनी ‘लहान किंवा बरोबर’ असे येईल. तेव्हा __एलई नेहमी स्वतः लिहा.

आता वजनाकडे वळू. सुचणारा पहिला उपाय हा: __ईक्यूमध्येच मुभा घालायची, म्हणजे फरक ८ ग्रॅमपर्यंत असेल तर ‘बरोबर’. असे करू नका. कारण तीन टॉवेलांत दाखवता येते. वजने घ्या ३९४, ४०० आणि ४०६. ३९४ आणि ४०० बरोबर. ४०० आणि ४०६ बरोबर. ३९४ आणि ४०६ मात्र बरोबर नाहीत, त्यांच्यात १२ ग्रॅमचे अंतर आहे. ‘बरोबर’ने दिलेला शब्द इथे मोडतो. अ आणि ब बरोबर, ब आणि क बरोबर, तर अ आणि क बरोबर असलेच पाहिजेत, हे प्रोग्रॅमचा प्रत्येक भाग गृहीत धरून चालतो.

याचा फटका गठ्ठे बांधताना बसतो. ‘पहिल्या टॉवेलच्या बरोबरीचे सगळे एका गठ्ठ्यात’ असा नियम असेल आणि काट्यावर आधी ४००चा टॉवेल आला, तर तिन्ही एका गठ्ठ्यात जातात. आधी ३९४चा आला तर ४०६चा बाहेर पडतो आणि दोन गठ्ठे होतात. तोच माल, तोच नियम, आणि गठ्ठ्यांची संख्या फक्त काट्यावर येण्याच्या क्रमावर ठरली. असा घोटाळा शोधायला दिवस जातात, कारण चाचणीत तो दिसतो न दिसतो.

‘लहान’मध्ये मुभा घातली की क्रमवारी बिघडते. ‘८ ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तरच लहान’ असे __एलटीला सांगा आणि ४०६, ४००, ३९४ ही यादी लावायला द्या. शेजारच्या जोड्या पाहिल्या तर काही हलवायची गरजच दिसत नाही, आणि तरी पहिला शेवटच्यापेक्षा जड आहे. लुआचे टेबल.सॉर्ट कधी ‘इनव्हॅलिड ऑर्डर फंक्शन फॉर सॉर्टिंग’ अशी चूक दाखवून थांबते, तर कधी गुपचूप चुकीचा क्रम देते. तीच गत सॉर्टला < ऐवजी <= दिल्यावर होते. दहा ओळींच्या यादीत सगळे ठीक वाटते आणि हजार ओळींच्या यादीत प्रोग्रॅम कोलमडतो. सॉर्टला नेहमी कडक ‘लहान’च द्या. आणखी एक, हे सॉर्ट बरोबरीच्या ओळींचा मूळ क्रम राखत नाही. तो हवा असेल तर शेवटी बिल क्रमांकाची तुलना जोडा.

गठ्ठेच करायचे असतील तर मुभा बाजूला ठेवून पट्टे पाडा. ५.३ पासून // हा पूर्णांकी भागाकार मिळतो. वजन // १० घेतले की ३९४ जातो ३९च्या पट्ट्यात, ४०० आणि ४०६ जातात ४०च्या. ३९९ आणि ४०० वेगळे पडतील ही किंमत आहे, पण क्रम कोणताही असो, उत्तर एकच येते. वजने पूर्ण ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत ठेवा, म्हणजे ०.१ अधिक ०.२ हे ०.३ का होत नाही, या जुन्या भानगडीतही पडायला नको.

मालाची तपासणी हे मात्र निराळे काम आहे. तिथे एक टॉवेल दुसऱ्याशी ताडायचा नसतो. तो ठरलेल्या मापाशी ताडायचा असतो, आणि या तुलनेच्या दोन बाजू सारख्या नसतात. डावीकडे माल, उजवीकडे करार. मुभा करारात लिहिलेली असते आणि ती बऱ्याचदा दोन्ही अंगांना समान नसते. दोन टक्के कमी चालेल, चार टक्के जास्त चालेल, असे ग्राहक सांगतो, कारण हलका टॉवेल त्याला नको असतो आणि जड टॉवेलचा तोटा कारखानदाराचा असतो. म्हणजे आपल्याला हवी असलेली तुलना ‘जवळपास सारखे’ ही नव्हतीच. ती ‘मापात बसते’ ही होती. इतके कळले की निम्मे काम झाले. कराराचे एक टेबल करा, त्यात ठरलेले वजन, खालची मुभा, वरची मुभा ठेवा आणि ‘बसतो’ नावाची मेथड लिहा. नियमाची ओळ वाचायला सरळ राहते आणि भाषेला हात लावावा लागत नाही. माझा सल्ला बहुतेकांना इथेच थांबण्याचा आहे.

नियमांच्या शंभर ओळी आहेत, सुपरवायझर रोज त्यांत बदल करतो, म्हणून चिन्ह खरोखर हवेच, अशीही जागा असते. मग लुआ ५.३ पासून ~ हे चिन्ह उसने घेता येते. आकड्यांत ते बिटांचे ‘एक्सऑर’ करते आणि त्याची मेटामेथड __बीएक्सऑर आहे. तुलनेच्या चिन्हांपेक्षा ते दोन बाबतींत मोकळे आहे. एका बाजूला साधा आकडा असला तरी मेटामेथड चालते, आणि तिने दिलेले उत्तर खऱ्या-खोट्यात बदलले जात नाही. अग्रक्रमही सोयीचा आहे. ते बेरजेपेक्षा सैल आणि तुलनेपेक्षा घट्ट बांधते, त्यामुळे ‘वजन ~ करार’ ही ओळ ‘आणि’, ‘किंवा’सोबत कंसाशिवाय बसते.

पण यात दोन सापळे आहेत. करार हे टेबल असायला हवे होते आणि कोणी घाईत तिथे नुसता आकडा टाकला, तर ४०० ~ ४०६ हे खरेखुरे एक्सऑर होते. उत्तर येते ६. हे नेमके दोघांतले अंतरही असल्याने पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते, पण तो योगायोग आहे. लुआत शून्यासह प्रत्येक आकडा ‘खरा’ धरला जातो, म्हणजे ‘जर’ची अट प्रत्येक वेळी पार पडते आणि सगळा माल पास होतो. दुसरा सापळा एका बरोबरीच्या चिन्हाचा. ~ च्या पुढे चुकून = पडले की ~= होते, म्हणजे ‘बरोबर नाही’. ‘जवळपास बरोबर’ म्हणून लिहिलेली ओळ नेमकी उलटी वागते, आणि चूक म्हणून काहीही दिसत नाही. म्हणून ही वाट घ्यायचीच असेल तर काट्याकडून येणारे वजनसुद्धा नुसता आकडा म्हणून स्क्रिप्टमध्ये सोडू नका. ते युजरडेटात गुंडाळून द्या. मग दोन नुसते आकडे समोरासमोर येण्याचा प्रसंग उरत नाही.

तिसरी वाट भाषेचे व्याकरणच बदलण्याची. लुआ एमआयटी परवान्याखाली आहे, तेव्हा मनाई नाही. एललेक्स.सी मध्ये नवे टोकन ओळखायचे, एलपार्सर.सी मध्ये ऑपरेटरांच्या यादीत ते घालायचे आणि अग्रक्रमाच्या तक्त्यात त्याला तुलनेच्या पंक्तीत, म्हणजे ३ आणि ३ या जागेवर बसवायचे. मूळ कोडात जिथे ‘ऑर्डर’ अशी टिप्पणी आहे तिथला क्रम दुसऱ्या फायलीतल्या यादीशी जुळलेला असतो. एका ठिकाणी बदलून दुसरीकडे विसरलात तर बेरजेच्या जागी वजाबाकी होईल इतपत गोंधळ उडतो. व्हर्च्युअल मशीनला नवी आज्ञा शिकवण्याच्या भानगडीत पडू नका. पार्सरमध्येच नव्या चिन्हाचे रूपांतर एका ठरलेल्या फंक्शनच्या हाकेत करा, म्हणजे बदल दोन-तीन फायलींत आवरतो. तरीही पुढची आवृत्ती आली की हे सारे पुन्हा करावे लागेल, आणि बाहेरचा कोणताही एडिटर तुमचे चिन्ह ओळखणार नाही. बदललेल्या भाषेला वेगळे नाव द्या, नाहीतर पुढे येणारा मुलगा लुआचे पुस्तक उघडून ते चिन्ह शोधत बसेल.

अजून भाषा निवडायची असेल तर इतर पर्यायही पाहा. रस्टसाठी असलेल्या र्‍हाय या भाषेत नवा ऑपरेटर अग्रक्रमासह नोंदवण्याची सोय अधिकृतच आहे, फक्त तो दोन बाजूंचा असावा लागतो. तिचा एक स्वभाव मला खटकतो. वेगवेगळ्या प्रकारांच्या किमतींची तुलना ती मुळात ‘खोटे’ म्हणून सोडून देते. काट्याची वायर निघाली, आकड्याऐवजी रिकामे मूल्य आले, तर ‘वजन कमी आहे का’ याचे उत्तर ‘नाही’ येईल. लुआ अशा वेळी आकडा आणि निल यांची तुलना होत नाही असे ओरडून थांबते, आणि मालाच्या तपासणीत थांबणेच बरे. स्क्विरल या भाषेत _सीएमपी ही एकच मेटामेथड कमी, बरोबर, जास्त अशी तिन्ही उत्तरे देते. ही रचना सुटसुटीत आहे, पण तिथे == त्या मेटामेथडला विचारत नाही, हे विसरू नये.

सुपरवायझरला नियम मराठीत लिहू द्यायचे असतील तर आणखी थोडे. लुआजिट ही लुआची वेगळी अंमलबजावणी देवनागरी नावे स्वीकारते. ५.४ मध्ये त्यासाठी एक पर्याय चालू करून लुआ पुन्हा बनवावी लागते. दोन्हींची रीत सारखी: आस्कीबाहेरचे प्रत्येक अक्षर नावाचा भाग मानायचे. ‘वजन’ हे नाव चालते ते यामुळे. पण मग ≈ हे चिन्हसुद्धा नावच ठरते, आणि देवनागरी अंकही. कोणी ‘वजन < ४००’ असे सगळे मराठीत लिहिले, तर ४०० हा आकडा न राहता ४०० नावाचे, कधीच न भरलेले व्हेरिएबल होते, म्हणजे निल. नियम स्क्रिप्टकडे पाठवण्याआधी मूळ प्रोग्रॅमने देवनागरी अंक बदलून द्यावेत, फक्त अवतरणातला मजकूर सोडून.

मराठीचा विषय निघालाच आहे तर नावांची तुलना टाळता येत नाही, आणि मला ती वजनाइतकीच महत्त्वाची वाटते. सोलापुरात खातेवहीत मराठी, कन्नड, तेलुगू अशी तिन्ही वळणांची नावे येतात आणि यादी बहुधा देवनागरीत लावतात. लुआ स्ट्रिंगची तुलना सिस्टिमच्या लोकॅलवर सोडते. साध्या ‘सी’ लोकॅलमध्ये ती बाइटप्रमाणे होते, आणि यूटीएफ-८मध्ये त्याचा अर्थ युनिकोडच्या क्रमांकाप्रमाणे. युनिकोडमध्ये ळ येतो ल नंतर लगेच, व च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणून काळे, कावळे, काशीद असा क्रम पडतो, जिथे मराठी माणूस कावळे, काशीद, काळे शोधतो. अनुस्वार युनिकोडमध्ये सगळ्या मात्रांच्या आधी आहे, त्यामुळे जिल्ह्यातले तालुके लावले की मंगळवेढा माढ्याच्या आधी येतो. इथे कोशाकोशांत वेगवेगळे संकेत आहेत, क्ष आणि ज्ञ यांच्या जागेबाबतही. एक संकेत निवडा आणि लिहून ठेवा.

आधी सांगितल्याप्रमाणे स्ट्रिंगना __एलटी लागू होत नाही. नाव गुंडाळून __एलटी लिहिता येईल, पण हजार नावांच्या क्रमवारीत दहा हजारांच्या आसपास तुलना होतात आणि प्रत्येक तुलनेत दोन्ही नावे अक्षर-अक्षर उलगडावी लागतील. त्यापेक्षा प्रत्येक नावाची एक क्रम-किल्ली एकदाच बनवा: ळ ला ह नंतरचा क्रमांक, अनुस्वाराला तुमच्या संकेतानुसार क्रमांक, अशी. मग किल्ल्यांची साधी < पुरते.

नावांच्या ‘बरोबर’लाही आधी साफसफाई लागते. ‘ॲड.’ मधला ॲ युनिकोडमध्ये एक अक्षर म्हणून आहे. अनेक कीबोर्ड तो अ आणि वरचा चंद्र असा जोडून देतात, काही मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर तिन्ही एकच दिसतात, तुलनेत तिन्ही वेगळे, आणि युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. हे रूपांतर नोंद भरतानाच करा. तुलना करताना करायला गेलात तर कुठल्यातरी एका जागी ते राहून जाईल आणि त्या ग्राहकाची उधारी दोन खात्यांत विभागली जाईल.

शेवटी चाचणी. तुमच्याकडच्या खऱ्या नोंदींतून काही डझन किमती घ्या, त्यांत मुद्दाम सीमेवरच्या टाका: ३९२, ४०८, शून्य, रिकामी नोंद, आणि ‘एनएएन’, जो स्वतःशीही बरोबर नसतो. मग प्रत्येक जोडी आणि प्रत्येक त्रिकूट तपासा. अ < अ कधी खरे येते का? अ < ब आणि ब < अ दोन्ही खरे येतात का? अ < ब, ब < क असून अ < क खोटे येते का? ‘बरोबर’साठी हेच. चाळीस किमतींची चौसष्ट हजार त्रिकुटे संगणक क्षणात पाहून टाकतो. ही चाचणी नियमांच्या फायलीशेजारी ठेवा आणि सुपरवायझरने नियम जतन केला की आपोआप चालवा. ‘बसतो’ या मेथडने निकाल देताना वजन, करारातले माप आणि वापरलेली मुभा या तिन्ही गोष्टी नोंदवहीत लिहाव्यात. परत आलेल्या मालावर वाद झाला, तर त्या दिवशी कोणती मुभा लागू होती हे ग्राहकासमोर ठेवता येते.